पहिली लाटी

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत उन्हाळ्यात पोह्यांचे पापड व्हायचे. बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. पीठ एकीच्या घरी भिजायचं, कुटायला दुसरीचं उखळ, लाटायला सगळ्या. कुटून कुटून पिठाचा गोळा मऊ झाला की त्याच्या छोट्या लाट्या तोडायच्या, आणि पहिली लाटी तेलात बुडवून माझ्या हातावर यायची. मीठ, तिखट, पापडखार बरोबर पडलंय का ते बघायला. चाळीत पोरं पुष्कळ होती, पण बाकीची सगळी दुसरी लाटी मिळावी म्हणून "छान झालंय" म्हणायची. मी काहीच म्हणायची नाही. मला बोलायची लाज वाटायची. शेजारच्या काकू माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि सांगायच्या, "खार कमी आहे गं. हिची डावी भुवई बघ."

आई मात्र मला कोपऱ्यात घेऊन समजवायची, "ज्याने खाऊ घातलं त्याला आधी बरं म्हणावं, मग काय कमी आहे ते सांगावं." ते मला कधी जमलं नाही. बरं म्हणायलाही तोंड उघडावं लागतंच ना.

हे सगळं मला इतक्या वर्षांनी आठवलं ते सुनेने दिलेल्या फोनमुळे.

आम्ही आता बाळकुमला राहतो. मी, मुलगा आणि सून. मुलगा सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो, सून बरेच दिवस घरूनच काम करते. तिची कंपनी लोकांसाठी साइट बनवते, आणि ती पानं सगळ्या फोनांवर नीट उघडतात का, हे बघणं तिचं काम. त्यात एक भानगड अशी की ज्यातून आपण ही पानं बघतो तो ब्राउझर सारखा बदलत असतो. नवा ब्राउझर सगळ्यांच्या हातात जायच्या आधी त्याचा एक कच्चा अवतार येतो. ज्याला हवा त्याला मिळतो, पण त्यात काय चालेल आणि काय पडेल ह्याची खात्री कुणी देत नाही. सून तो आधी वापरते, म्हणजे पुढे काय बिघडणार ते तिला आधी कळतं.

ती फोन देण्याआधी त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आम्ही दोघी दिवसभर एका घरात असायचो आणि फार जपून बोलायचो. "चहा ठेवू?" "ठेव." "पोळ्या किती?" "कर तुझ्या अंदाजाने." ती तिच्या खोलीत कानाला हेडफोन लावून, मी स्वयंपाकघरात. भांडण कधी झालं नाही. भांडायला आधी थोडी ओळख लागते.

एके दिवशी ती तिचा जुना फोन घेऊन ओट्यापाशी आली. "आई, हा तुम्ही वापराल का? ह्यात तो कच्चा ब्राउझर आहे. माझं काय होतं, मी चुका शोधायलाच बसते, त्यामुळे मला शोधते त्याच चुका सापडतात. तुम्ही नुसतं वापराल."

"मला काय कळतं त्यातलं."

"म्हणूनच. आणि एक सांगते, ह्यात कधीही काहीही बिघडेल. ते तुमच्यामुळे बिघडलं असं समजायचं नाही."

हे शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं असेल. माझ्या हातात मिक्सर बंद पडला, टीव्हीचं चित्र गेलं, एटीएममधून कार्ड बाहेर आलं नाही, की आजवर मला एकच वाटायचं, की माझंच काहीतरी चुकलं. चौथी शिकलेल्या बाईला दुसरं काय वाटणार. आणि इथे ही मुलगी आधीच सांगून मोकळी झाली, की चुकलं तर ते त्याचं.

मी म्हटलं, "म्हणजे हा पापड नाही. लाटी आहे."

"लाटी म्हणजे?"

तिचं माहेर कल्याणला असलं तरी मूळ घर देशावरचं, पोह्यांच्या पापडाची लाटी तिला माहीत नव्हती. मी तिला सगळं सांगितलं, काकूंचं आणि भुवईचंसुद्धा. ऐकून ती म्हणाली, "आमच्याकडे कुरडयांचा चीक असतो तसं. कुरडई राहू दे, आधी चीक द्या म्हणून आम्ही भांडायचो."

"तेच."

लग्नानंतर आम्ही एवढं लांब बोललो ते पहिल्यांदाच.

माझी थोरली बहीण विठ्ठलवाडीला असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे कच्चं तुला आणि पक्कं स्वतःला. बरी आहे हो सून."

"ताई, तिच्याकडेही कच्चंच आहे."

"मग तुमच्या घरात पिकलेलं कोणीच नाही म्हण की."

त्या ब्राउझरचं चिन्ह नेहमीच्या ब्राउझरसारखंच होतं, फक्त रंग वेगळा. रोज उठून बघावं तर काहीतरी हललेलं असायचं. पत्ता लिहायची पट्टी एके दिवशी वरून खाली गेली, चार दिवस खाली राहून परत वर आली. एकदा पान पांढऱ्याचं काळं झालं. एकदा तर मराठी अक्षरांची अशी दशा झाली, की वेलांट्या अक्षरांपासून सुटल्या आणि शेजारी ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळांवर जाऊन बसल्या. सुनेला दाखवलं तर ती खुश. "थांबा, थांबा, फोटो काढते," म्हणाली. मला गंमत वाटायची. बिघडलेलं काही दाखवलं आणि समोरचा माणूस खुश झाला, असं माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामात झालेलं नाही. पुढे पुढे तर एखाद्या सकाळी ब्राउझर उघडताच बंद पडला, तर तीच आतून ओरडायची, "आई, आज पीठ सैल झालंय, थोड्या वेळाने बघा."

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते सांगते.

मला वाचता येतं, पण ते कसं हे घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. डोंबिवलीत आमच्या बाजूच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. पाचवीची शाळा रुळांपलीकडे. घरात धाकटा भाऊ तान्हा होता, मला पोचवायला जाणार कोण, आणि मी "जायचंय" असं म्हटलंही नाही. तेव्हापासून पाट्या, पेपरातले मथळे, सामानाच्या पुड्यांवरचं, एवढं वाचत आले. लांब वाक्य आलं की माझं असं व्हायचं, की शेवटच्या शब्दापर्यंत पोचेपर्यंत पहिला शब्द हातातून सुटलेला असायचा. मग परत मागे जायचं. पेपर उघडून मी बसायची खरी, पण पान उलटायची ते दुसऱ्यांना दिसावं म्हणून. एक लांब गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आपण वाचावी, एवढी एक इच्छा होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

एका सकाळी त्या कच्च्या ब्राउझरमध्ये, पानाच्या वरच्या कोपऱ्यात भोंग्याचं छोटंसं चिन्ह आलं. दाबलं तर एक पुरुषाचा आवाज पान वाचायला लागला, मराठीत, आणि जो शब्द तो वाचेल तो पिवळा व्हायचा. पिवळा पुढे सरकायचा आणि माझे डोळे त्याच्या मागून. वाक्य संपलं तेव्हा त्याची सुरुवात माझ्याजवळच होती. मी तेच वाक्य पुन्हा वाचलं, आवाज बंद करून. आलं.

सुनेला मी एवढंच म्हटलं, "वाचून दाखवणारा आलाय."

"हो, प्रयोग चाललाय त्यांचा. नेहमीच्या ब्राउझरमध्ये नाहीये अजून," ती म्हणाली आणि कामाला लागली.

मग मला त्यात एक लांबलचक आठवण सापडली. कुणा एका बाईंनी लिहिलेली, भागाभागांनी. त्यांचे यजमान दीपगृहावर नोकरीला होते आणि त्या लग्न होऊन थेट तिथे गेल्या, चारी बाजूंनी पाणी असलेल्या खडकावर. दुपारची भांडी झाली की मी खिडकीशी बसायची आणि तो आवाज सुरू करायची. त्या बाईंनी कोंबडी पाळली ती वाऱ्याने उडून गेली, ते वाचून मी एकटीच हसले. वाचून हसण्याचीही माझी ती पहिलीच वेळ.

आवाजात एक खोट होती. त्याला आपले दोन प्रकारचे ज आणि च माहीतच नव्हते. बाईंनी लिहिलं होतं, "तिथून जग फार लांब वाटायचं," आणि ह्याने ते पाण्याच्या जगासारखं वाचलं. पाणी पिताना टेबलावर ठेवतो तो जग. पुढे जिथे जिथे जग आलं तिथे तिथे त्याने पाणीच भरलं. साऱ्या जगाची बातमी जगात, जगापासून तुटलेली माणसंही त्याच जगात. चार नीट म्हणायचा, पण गुरांचा चारा आला की अडखळायचा. आणि रोज ऐकून ऐकून ते माझ्याही जिभेवर बसलं. ताई आली होती तेव्हा मी तिला म्हटलं, "ज्यरा थांब, कुकर उतरवते."

"काय थांब?"

"ज्यरा."

"कुठल्या च्याळीत शिकलीस गं हे?" ताई पदर तोंडाला लावून हसत सुटली. सून खोलीतून बाहेर आली, तिला कळल्यावर तीही हसली. मग तिने जगाची ती चूक कळवून टाकली. कच्च्या ब्राउझरमध्ये तशी सोय असते, काय बिघडलं ते बनवणाऱ्यांना लिहून कळवायची.

आणि मग आवाजच गेला.

गोष्ट अशा जागी आली होती की पावसाळ्याआधीची शेवटची बोट दीपगृहावर पोचली नव्हती. टाकीतलं पाणी खाली चाललं होतं आणि बाई तांदूळ धुतलेलं पाणी पुन्हा वापरत होत्या. बाळकुमला येण्याआधी मी दिवा स्टेशनजवळ पंधरा वर्षं काढली आहेत, टाकीत काठी घालून पाणी बघणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको. पुढे काय झालं म्हणून मी घाईने भांडी उरकली, फोन उघडला, तर कोपऱ्यात भोंगा नव्हता. रात्रीतून ब्राउझर बदलला होता. बाकी सगळं जागेवर, तेवढंच नाही.

मी स्वतः वाचून बघितलं. पहिली ओळ आली, दुसरी आली. तिसरं वाक्य लांब होतं. त्याच्या टोकाला पोचले तेव्हा बोट कुणाची आणि वाट कोण बघतंय ते निसटलं होतं. परत वर गेले. परत निसटलं. रुळांपलीकडची शाळा सुटली तेव्हा मला वाईट वाटल्याचं आठवत नाही, तेव्हा समजच नव्हती. ह्या वेळी मात्र समजत होतं.

सून पाणी प्यायला बाहेर आली. "काय झालं?"

"कुठे काय."

"आई, डावी भुवई."

मी फोन पुढे केला. तिने इकडे तिकडे बघितलं. "काढून टाकलंय त्यांनी. असं करतात कधी कधी. देतील परत, नाहीतर नाहीच देणार." मग पानावर तिची नजर गेली. "हे वाचत होता का? दीपगृहाचं? एवढं सगळं?"

मी मान हलवली.

"कळवू या. तुम्ही सांगा, मी इंग्लिशमध्ये लिहिते."

"तूच लिही ना काहीतरी."

"मी काय लिहू? मला आवाज नसला तरी चालतंय. तुम्हाला का पाहिजे ते तुम्हालाच माहीत."

ती खुर्ची ओढून बसली, बोटं फोनवर ठेवून. मी बराच वेळ टेबलावरचा डाग पुसत होते. मग म्हटलं, "लिही, की वाक्य संपेपर्यंत मला त्याची सुरुवात आठवत नाही. आवाज असला की आठवते. मला ही गोष्ट शेवटपर्यंत वाचायची आहे."

तिने तेवढंच लिहिलं. वाढवलं नाही, काही विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. नवऱ्याला तो होता तोवर, आणि मुलाला, जे कधी कळू दिलं नव्हतं ते मी कुठल्यातरी लांबच्या देशातल्या माणसांना सांगून टाकलं होतं, आणि ते सुनेच्या हातून गेलं होतं. फोन खाली ठेवून ती म्हणाली, "पाठवलं. आता ते ऐकतील तेव्हा ऐकतील. बोट आली का पण?"

"कुठली?"

"पाण्याची बोट. इथपर्यंत वाचून सोडायचं का?"

तिने जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या फोनवर, नेहमीच्या ब्राउझरमध्ये, वाचायला सुरुवात केली. पिवळा रंग नव्हता, म्हणून बोट शब्दाखाली ठेवायची. तिचं वाचणं भलतंच भरभर. मी म्हणायची, "हळू गं," की ती म्हणायची, "सॉरी, मीटिंगमध्ये असल्यासारखं झालं." बोट आली एकदाची. त्या दिवशी आमची आमटी गॅसवर आटून गेली आणि दोघींनाही वास आला नाही. मध्येच तिच्या कामाचा फोन वाजायचा, ती हेडफोन लावून इंग्लिशमध्ये कुणाशी तरी बोलायची, पण बोट फोनवर जिथल्या तिथे असायचं, म्हणजे जागा चुकायला नको.

काही दिवसांनी तिनेच काढलं, "एक ओळ तुम्ही, एक ओळ मी." माझं वाचणं कुणी ऐकलंच नव्हतं, शाळेतल्या बाईंनंतर. पहिल्या दिवशी माझी ओळ संपायला इतका वेळ लागला, की ती तेवढ्यात भात संपवून बसली. पण तिने पुढचा शब्द कधी आपणहून सांगितला नाही. मी अडले की ती बोट तिथेच ठेवून थांबायची. हळूहळू एका ओळीच्या दोन ओळी झाल्या, मग आळीपाळीने परिच्छेद. दोघींच्या वाचण्यात जग मात्र बरोबर असायचं. तो शब्द आला की आम्ही एकमेकींकडे बघायचो.

त्या दिवसांत मी एकटीने फोन उघडतच नव्हते. गरजच नव्हती. मग एका गुरुवारी तिला ऑफिसला जावं लागलं. दुपारी मी सहज म्हणून ब्राउझर उघडला तर कोपऱ्यात भोंगा बसला होता. दाबला. तोच माणूस, तेच पिवळं. आनंद झाला, खरंच झाला. मी दीपगृहाच्या गोष्टीतल्या, आमच्या वाचून झालेल्या एका भागाची दोन पानं त्याच्याकडून वाचून घेतली. मग बंद केलं आणि नुसतीच बसून राहिले. आमचा आता एकच भाग राहिला होता, शेवटचा. आवाज आलाय म्हटल्यावर ती कशाला जेवणाची सुट्टी माझ्यात घालवेल. आणि तिने तरी का घालवावी, तिला पाठ टेकायला तेवढाच वेळ मिळतो.

न सांगावं असंही मनात आलं. पण फोन तिने मला ह्याच कामासाठी दिला होता. पहिली लाटी खाल्ली की तोंड लपवता येत नाही.

ती आली, पाय धुऊन बसली, मी चहा पुढे ठेवला आणि सांगितलं, "आवाज परत आलाय."

तिने चहाचा घोट घेतला. "माहितीय. सोमवारीच आला."

"मग बोलली नाहीस ती?"

"ते तुम्ही सांगायचं. ते खातं तुमच्याकडे आहे." मग कपाकडे बघत म्हणाली, "आणि शेवटचा भाग राहिला होता ना आपला."

मी बिस्किटांचा डबा तिच्यापुढे सरकवला. तिनेच विचारलं, "मग शेवटचा कोण वाचणार? तो की मी?"

"मी वाचते," मी म्हटलं. "तू चहा घे."

अख्खा भाग मी वाचला. त्या बाईंच्या यजमानांची बदली होते, बाई सामान बांधतात, आणि बोट लांब गेल्यावर मागे वळून बघतात तर दिवा लागलेला असतो. आता तो दुसऱ्या कुणीतरी लावलेला. जोडाक्षरांवर मी अडले, एका लांब वाक्यात दोनदा मागे गेले, पण गेले ती स्वतः, आणि परत आले तीही स्वतः. सून हनुवटीला हात लावून ऐकत होती. चहा तसाच राहिला. शेवटच्या ओळीच्या आधी पुन्हा जग आलं. ते मी नीट म्हटलं आणि पुढे गेले.

गोष्ट संपल्यावर तिने गार झालेला चहा एका दमात संपवला. मग फोन हातात घेऊन म्हणाली, "आई, त्याचं जग सुधारलंय का?"

"नाही. अजून पाणीच भरतोय."

"मग कळवते परत." ती लिहायला लागली.

कच्चं हातात देणारी ती माणसं मी कधी बघणार नाही. त्यांना माझं नाव माहीत नाही, माझी इयत्ता माहीत नाही. त्यांनी आवाज माझ्या सांगण्यावरून परत दिला की त्यांचा त्यांनीच, हेही मला कधी कळणार नाही. पण काम पुरं होण्याआधी त्यांनी दार उघडं ठेवलं म्हणून मी आत आले, आणि आत आल्यावर मला घरातलीच एक मुलगी भेटली.

"थांब," मी तिला म्हटलं. "आधी बरं म्हण. छान केलंय, आमची गोष्ट वाचून झाली, असं लिही. मग जगाचं लिही."

तिने लिहिलेलं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.